पॅकियाओचं वजन

वाळूचं_पोतं | २० जुलै २०२५, संध्याकाळी ७:१०

आज रविवारची झोप मोडून लास वेगासची लढत पाहिली. एका कोपऱ्यात मारिओ बारिओस, वय ३०. दुसऱ्या कोपऱ्यात फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ, वय ४६. बाराही फेऱ्या झाल्या. दोन पंचांनी ११४-११४ दिले, तिसऱ्याने ११५-११३ बारिओसला. म्हणजे बरोबरी, आणि विजेतेपदाचा पट्टा बारिओसकडेच राहिला. माझ्या कागदावर मॅनी एका फेरीने पुढे होता, पण माझ्या कागदाला कोण विचारतंय!

या माणसाचे गेले तीन महिने बघा. मेमध्ये फिलिपिन्सच्या सिनेटची निवडणूक हरला, जूनमध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला, जुलैमध्ये जागतिक विजेतेपदासाठी रिंगमध्ये उतरला. आपल्याकडे निवडणूक हरलेला माणूस निदान आठवडाभर फोन बंद ठेवतो.

त्याच्यावर मराठीत फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा. सुरुवात मी काट्यापासून करणार आहे, वजनकाट्यापासून.

मी कॉलेजात चार वर्षं बॉक्सिंग केलं. ५४ किलोचा गट. फार पुढे काही गेलो नाही, पण काट्याची धास्ती अजून अंगात आहे. आदल्या रात्री जेवण नाही. पहाटे अंगात रेनकोट घालून दोरीच्या उड्या, तोंडात च्युइंगम, लाळ सुटली की थुंकायची, परत चघळायचं. एवढं करून काट्यावर उभं राहावं तर आकडा ५४ किलो १५० ग्रॅम. मग दोन मित्र टॉवेल धरून उभे, आपण उरलीसुरली चड्डीही उतरवायची आणि श्वास सोडून परत उभं राहायचं. श्वास सोडल्याने वजन कमी होत नाही हे माहीत असतं, तरी सोडतो.

पॅकियाओची गोष्ट नेमकी उलट सुरू होते. २२ जानेवारी १९९५ ला त्याची पहिली व्यावसायिक लढत झाली. वय १६, वजन ९८ पौंड, म्हणजे साडेचव्वेचाळीस किलोसुद्धा नाही. सगळ्यात खालच्या गटांतही बसेना. गड्याने खिशात जड वस्तू कोंबल्या आणि काट्यावर उभा राहिला! हे त्याने स्वतःच पुढे सांगितलंय. आम्ही चड्ड्या उतरवत होतो आणि हा खिसे भरत होता.

त्यामागे हौस नव्हती, भूक होती. जन्म १७ डिसेंबर १९७८, मिंदानाओ बेटावरच्या किबावे गावी. वाढला जनरल सँटोस शहरात. बाप घर सोडून गेला, आई दियोनिसिया मिळेल ते काम करून पोरं वाढवत होती. तिला याला पाद्री करायचं होतं. चौदाव्या वर्षाच्या सुमारास हा आईला न सांगता जहाजातून लपून मनिलाला गेला, रस्त्यावर झोपला, पडेल ते काम केलं, जिममध्येच राहू लागला. त्याच १९९५ साली त्याचा जवळचा मित्र युजीन बारुताग लढतीनंतर मेला. दोघं एकाच वळकटीतले. याने हातमोजे खुंटीला टांगले नाहीत.

४ डिसेंबर १९९८. थायलंडमध्ये जाऊन थायलंडच्याच चाचाई सासाकुलला आठव्या फेरीत झोपवलं आणि फ्लायवेटचा (११२ पौंडांपर्यंतचा गट) जागतिक पट्टा कमरेला. वय २० सुद्धा नाही. पुढच्याच वर्षी तो पट्टा गेला, तोही रिंगमध्ये उतरायच्या आधी, काट्यावर. आता अंग भरलं होतं, ११२ पौंडांत मावेना. वरून मेदगोएन सिंगसुरातने पोटात ठोसा हाणून तिसऱ्या फेरीत आडवा केला. चार वर्षांपूर्वी खिशात लोखंड भरणारा पोरगा जादा वजनापायी विजेतेपद घालवून बसला.

दुसरा असता तर संपला असता. हा दोन गट ओलांडून थेट १२२ पौंडांत गेला. २००१ मध्ये अमेरिकेत प्रशिक्षक फ्रेडी रोचच्या वाइल्ड कार्ड जिममध्ये पोचला. रोचने पॅड धरले, याने डावा सोडला आणि जोडी जमली. थोड्याच दिवसांत लास वेगासमध्ये ऐनवेळी बदली म्हणून बोलावणं आलं. समोर दक्षिण आफ्रिकेचा लेडवाबा, गाजलेला विजेता. सहाव्या फेरीत खेळ खलास. तिथून पुढे बारेरा, मोरालेस, मार्केझ, डी ला होया, हॅटन, कोट्टो या नामवंतांना हरवलं. एकूण आठ वजनी गटांत विजेतेपदं, हे आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

एकच लढत सांगतो. १३ नोव्हेंबर २०१०, टेक्सास. समोर अंतोनियो मार्गारितो, उंचीला चार-पाच इंच जास्त. लढतीची मर्यादा १५० पौंड ठरलेली. मॅनी १४५ सुद्धा भरला नाही. रात्री रिंगमध्ये उतरताना मार्गारितो १६५ पौंड, हा १४८. म्हणजे ७५ किलोच्या माणसाशी ६७ किलोचा माणूस. आणि मारला किती! मार्गारितोच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. अकराव्या फेरीत मॅनी चक्क पंचाकडे बघतो आणि खुणावतो, थांबवा की आता. पंच थांबवत नाही. मग शेवटच्या फेरीत यानेच हात आखडता घेतला. ती फेरी वेळ काढून पुन्हा बघा. मला ती त्याच्या सगळ्या नॉकआउटपेक्षा मोठी वाटते.

त्या रात्री तो खासदार होता. सहाच महिन्यांपूर्वी निवडून आलेला.

आणि इथेच माझा मुद्दा. आपल्या भाषेत वजनाला दुसरा अर्थ आहे: 'त्यांचं वजन आहे वर'. रिंगमधलं वजन मॅनीने पौंडापौंडाने स्वतः कमावलं. राजकारणातलं वजन मात्र कायम उसनं. २००७ मध्ये साउथ कोताबातोतून उभा राहिला आणि सपाटून हरला. २०१० मध्ये बायकोच्या सारांगानी प्रांतातून, तिथल्या धनाढ्य चियोंगबियान घराण्याविरुद्ध उभा राहिला आणि जवळपास दुप्पट मतांनी जिंकला. ही लढत त्याने स्वतःच्या दमावर मारली. पण त्यानंतर? पक्ष बदलले, आसरे बदलले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंसोबत होता तोवर पक्षाचा अध्यक्ष, त्यांच्याशी फाटलं की बाहेर. २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, तिसरा आला. ज्या मार्कोसकडून हरला त्यांच्याच आघाडीतून यंदा सिनेटला उभा राहिला आणि निवडून येणाऱ्या पहिल्या १२ मध्येही आला नाही.

माझं म्हणणं असं, की राजकारणात त्याने पुन्हा खिसे भरूनच काट्यावर पाऊल ठेवलं. तुम्हाला काय वाटतं?

निद्रानाश | २० जुलै, रात्री ८:०२

जबरदस्त लिहिलंय. मार्गारितोची ती फेरी आत्ताच पाहिली, अंगावर काटा आला (तुमच्या काट्याशी संबंध नाही).

एक शंका. उच्चार पॅकियाओ, पक्वायो की पॅकिआव? आमच्याकडे पेपरात तीन प्रकारे वाचलाय.

सातासमुद्री | २० जुलै, रात्री ८:४०

@निद्रानाश, बावीस वर्षं फिलिपिनो पोरांबरोबर जहाजावर काढली. त्यांच्या तोंडी 'पाक्याव'. शेवटचा 'व' ओठांत राहतो. गंमत म्हणजे त्यांच्या भाषेत 'पाक्याव' म्हणजे घाऊक. सगळा माल एकरकमी उचलायचा, तो पाक्याव. आठ गटांतले पट्टे त्याने तसेच उचलले म्हणायचे.

बाकी लिहितो, वॉच (जहाजावरची पाळी) संपू दे.

हिशेबनीस | २० जुलै, रात्री ९:१५

लेख चांगला आहे, पण आठ गटांचा आकडा सगळेच डोळे झाकून लिहितात म्हणून एक टीप. फेदरवेट आणि लाइट वेल्टरवेट या दोन गटांत त्याच्याकडे चार मोठ्या संघटनांपैकी एकीचाही पट्टा नव्हता. तिथे बारेरा आणि हॅटनला हरवून 'द रिंग' या मासिकाचा पट्टा मिळाला. बॉक्सिंगचे जाणकार तो मानतात, किंबहुना संघटनांपेक्षा जास्त मानतात, तेव्हा आठ म्हणायला हरकत नाही. फक्त कुणी वाद घातला तर उत्तर तयार असू द्या.

राजकारणाच्या आकड्यांत मात्र तुमच्याकडून मोठी गोष्ट निसटली. उद्या लिहितो, झोप येतेय.

वाळूचं_पोतं | २० जुलै, रात्री ९:२२

मान्य. आणि हे बरं आहे, मुद्दा टांगून झोपायला जायचं.

केतकीचं_बन | २० जुलै, रात्री १०:३०

मी बॉक्सिंग बघत नाही. नवरा बघतो, त्यामुळे नाव माहीत. पण लेखात एक बाजू अगदीच गाळलीय म्हणून लिहिते.

८ डिसेंबर २०१२ ला मार्केझने याला सहाव्या फेरीत पाडलं. तोंडावर पडला, हललाच नाही. ते दृश्य नवऱ्याने इतक्यांदा लावलंय की मलाही पाठ आहे. पुढच्याच आठवड्यात फिलिपिन्सच्या प्रतिनिधिगृहात प्रजनन आरोग्य विधेयकावर मतदान होतं. गरीब बायकांना सरकारी दवाखान्यात गर्भनिरोधक साधनं मिळावीत, एवढी साधी मागणी. चर्चचा कडाडून विरोध. खासदार पॅकियाओ उभा राहिला आणि म्हणाला, शनिवारी रात्री माझा स्वतःचाच जीव जायची वेळ आली होती, त्यामुळे जिवाच्या पावित्र्यावरचा माझा विश्वास आणखी पक्का झाला. मत विरोधात!

ठोसा याने खाल्ला आणि त्याचा धडा कुणाला, तर सारांगानीतल्या बाईला. विधेयक त्याच महिन्यात कायदा झालं, ते याच्या विरोधानंतरही.

पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये समलिंगी माणसांना जनावरांपेक्षा वाईट म्हणाला. नायकेने करार तोडला, मग माफी मागितली. माफीत तुलनेबद्दल दिलगिरी, मत तेच. आणि तीनच महिन्यांत सिनेटवर निवडून आला. त्याच्या गरिबीबद्दल आदर आहे. पण गरिबीतून वर आलेला माणूस गरिबांच्या बाजूनेच मत देईल, हे आपण का धरून चालतो?

निद्रानाश | २० जुलै, रात्री १०:४८

हे माहीत नव्हतं. नॉकआउटवरून विधेयकाला विरोध! काय बोलणार.

सातासमुद्री | २१ जुलै, पहाटे ५:१०

वॉच संपली. केतकीताईंनी ज्या रात्रीचा उल्लेख केलाय त्या रात्रीचंच सांगतो.

डिसेंबर २०१२, आमचं टँकर ह्यूस्टनला धक्क्याला लागलेलं. एकूण बावीस माणसं, त्यात चौदा फिलिपिनो. रात्री मेसमध्ये सगळे गोळा. एकाने बंदरातलं सिम आणलं होतं, लॅपटॉपवर चोरीचं प्रक्षेपण. चित्र दर दोन मिनिटांनी अडकायचं. कुकने भात आणि सुकी मासळी मधोमध ठेवलेली, पण कुणी हात लावत नव्हतं. पाचव्या फेरीत मॅनीने मार्केझचं नाक फोडलं तेव्हा टेबलं वाजली. सहावी फेरी संपायला एक सेकंद उरला होता. एक सेकंद, चेष्टा नाही, निकालात अधिकृत वेळ २ मिनिटं ५९ सेकंद आहे. मॅनी पुढे झेपावला आणि चित्र अडकलं.

चित्र परत सुरू झालं तेव्हा तो पालथा पडलेला.

मेसमध्ये इंजिनचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. मोटरमन म्हणून एक चाळिशीचा माणूस होता, जनरल सँटोसचाच. तो लॅपटॉपजवळ जाऊन 'आयोस लांग, आयोस लांग' म्हणत राहिला. म्हणजे ठीक आहे, काही नाही झालं. कुणाला सांगत होता देव जाणे. मग मॅनी उठून बसला तेव्हा त्याने ताट ओढलं आणि गार भात खाल्ला.

त्याच मोटरमनकडून ऐकलेलं: मॅनी गावात असला की त्याच्या घराबाहेर पहाटेपासून रांग. कुणाला औषधाला पैसे, कुणाला मयताला, कुणाला पोराच्या फीला. याच्या मोठ्या भावाला म्हणे ऑपरेशनला मदत मिळाली होती. मी विचारलं, खासदार आहे तर सरकारी दवाखाना का नाही बांधत? तो म्हणाला, "साब, दवाखाना बांधायला दहा वर्षं लागतात, मॅनी सकाळी देतो."

हे उत्तर बरोबर की चूक ते अजून ठरवता आलेलं नाही.

ठोकताळा | २१ जुलै, सकाळी ९:३०

सगळे भावुक झालेत म्हणून थोडं खारं पाणी ओततो. २०१४ मध्ये हा प्रतिनिधिगृहाच्या ७० बैठकांपैकी अवघ्या ४ बैठकांना हजर होता, असं तिथल्या पेपरांनी तेव्हा छापलं होतं. त्याच वर्षी साहेब व्यावसायिक बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षकही झाले आणि खेळाडूही. उंची साडेपाच फूट! शिवाय लष्कराच्या राखीव दलात अधिकारी. शिवाय गाणी. पाक्याव म्हणजे घाऊक हे आत्ता कळलं, सगळा उलगडा झाला.

घरातही घाऊकच. बायको जिंकी २०१३ मध्ये सारांगानीची उपराज्यपाल, २०१९ मध्ये एक भाऊ सारांगानीचा खासदार, दुसरा भाऊ पक्षयादीतून (मतदारसंघातून नव्हे, पक्षाला पडलेल्या मतांवर) खासदार. म्हणजे एका घराण्याला हरवून आला आणि दुसरं घराणं बसवलं. फिलिपिन्सच्या १९८७ च्या संविधानात राजकीय घराण्यांना मनाई आहे बरं का. फक्त घराणं कशाला म्हणायचं ते कायदा ठरवेल, असं लिहून ठेवलंय. तो कायदा करायचा कुणी, तर घराण्यांनी. अजून झालेला नाही.

आपल्याकडचे बॉक्सर त्यामानाने सज्जन. मेरी कोम २०१६ मध्ये राज्यसभेवर राष्ट्रपतीनियुक्त. विजेंदर २०१९ ला दक्षिण दिल्लीतून काँग्रेसतर्फे हरला, २०२४ मध्ये भाजपमध्ये गेला. संपला विषय.

निद्रानाश | २१ जुलै, सकाळी ९:४१

अवांतर: कीव्हचा महापौर क्लिच्को विसरलात. त्याच्या पक्षाचं नावच 'उदार', म्हणजे ठोसा. आपल्याकडे उदार नावाचा पक्ष काढला तर लोक खिसाच दाखवतील.

हिशेबनीस | २१ जुलै, दुपारी १:०५

झोप झाली, जेवण झालं. आता काल टांगलेला मुद्दा.

सगळे लिहितात, २०१६ मध्ये सिनेटला १ कोटी ६० लाखांवर मतं मिळाली आणि सहा वर्षांत राष्ट्राध्यक्षपदाला ३६ लाख ६३ हजार. एवढी कशी घसरली? यावरून लोक निष्कर्ष काढतात की जनता वैतागली. तसं नाहीये, निदान तेवढंच नाहीये.

सिनेटच्या २४ जागांपैकी १२ जागांची निवडणूक एका वेळी होते. मतदारसंघ नाहीत, अख्खा देश एकच मतदारसंघ. आणि प्रत्येक मतदाराला १२ नावं निवडता येतात. म्हणजे मतदाराच्या हातात बारा ठोसे. अकरा आपल्या आवडीच्या पुढाऱ्यांना दिले की बाराव्याला 'अरे, आपला मॅनी' म्हणून खूण करायला काय जातं? तरीही तो तेव्हा सातवा आला, पहिला नव्हे.

राष्ट्राध्यक्षाला एकच मत. त्यात मार्कोसना ३ कोटी १६ लाख, लेनी रोब्रेडोंना दीड कोटी, मॅनीला साधारण पावणेसात टक्के. त्याचं प्रेम कमी झालं नाही. प्रेम बारावं होतं, ते पहिलं कधीच नव्हतं. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवणं म्हणजे फ्लायवेटचा माणूस हेवीवेटच्या काट्यावर तोलणं.

म्हणून पोतं यांच्या मूळ म्हणण्याशी मी अर्धाच सहमत. वजन उसनं नव्हतं, त्याचंच होतं. फक्त काट्यावर दिसत होतं त्यापेक्षा खूप कमी होतं.

वाळूचं_पोतं | २१ जुलै, दुपारी १:४०

हिशेबनीस, हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं. बारा मतांची पद्धत माहीत असूनही जोडलं नाही. मूळ लेखातला तो परिच्छेद तसाच ठेवतो, खालची चर्चा वाचून लोकांना माझी चूक दिसू दे.

केतकीचं_बन, तुमचं म्हणणंही बरोबर. मी बाजू गाळली कारण मला तो आवडतो. दुसरं कारण नाही.

ठोकताळा, हजेरीबद्दल काही बचाव नाही. आणि त्या घराण्याच्या मुद्द्याला शेपूट आहे. २०२२ मध्ये सारांगानीची खासदारकी पॅकियाओंच्या हातून गेली, पण तोच खासदार भाऊ तिथला राज्यपाल झाला. म्हणजे घराणं काही हललं नाही.

केतकीचं_बन | २१ जुलै, दुपारी ३:२०

प्रांजळपणा आवडला. आणखी एक नाव इथे यायला हवं: लैला दे लिमा.

दुतेर्तेंच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत पोलिसांनी हजारो माणसं मारली. सिनेटर दे लिमा न्याय समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी या हत्यांची चौकशी सुरू केली. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांना समितीच्या अध्यक्षपदावरून हटवण्याचा ठराव मांडला कुणी? नवख्या सिनेटर पॅकियाओने. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांना अटक झाली. जामीन मिळाला नोव्हेंबर २०२३ मध्ये. जवळजवळ सात वर्षं. पुढे सगळ्या खटल्यांतून सुटल्या.

मारली गेलेली माणसं कोण होती? बहुतेक करून मनिलाच्या झोपडपट्ट्यांतली, रस्त्यावर झोपणारी पोरं. पोतं, तुमच्या लेखातल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या शेजारी झोपणारी.

या मेच्या निवडणुकीत दे लिमा पक्षयादीतून प्रतिनिधिगृहात निवडून आल्या. पॅकियाओ त्याच दिवशी पडला.

ठोकताळा | २१ जुलै, दुपारी ३:५५

ताई, हा खरा डावा हुक.

वाळूचं_पोतं | २१ जुलै, संध्याकाळी ६:१५

दोन तास उत्तर लिहितोय आणि खोडतोय.

एवढंच म्हणेन की २०२१ मध्ये तो दुतेर्तेंच्या विरोधात बोलला. चीनबद्दलच्या मवाळ धोरणावर बोलला, करोना काळातल्या मदतवाटपात १०.४ अब्ज पेसोंचा हिशेब लागत नाही असा जाहीर आरोप केला. ज्या दुतेर्तेंनी एकेकाळी त्याला भावी राष्ट्राध्यक्ष म्हटलं होतं, त्यांच्याच गटाने त्याला पक्षाध्यक्षपदावरून काढलं. उशिरा बोलला हे खरं. आणि बोलून लगेच अमेरिकेला सरावाला गेला हेही खरं. ऑगस्टमध्ये रिंगमध्ये उगासकडून हरला, सप्टेंबरच्या एकाच महिन्यात राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी आणि निवृत्ती दोन्ही जाहीर.

मार्गारितोसमोर 'थांबवा' म्हणून पंचाकडे बघणारा माणूस आणि दे लिमांविरुद्ध ठराव मांडणारा माणूस एकच. हे मला जुळवता येत नाहीये. मूळ लेखात हे नव्हतं कारण मला ते लिहायचं नव्हतं.

हिशेबनीस | २१ जुलै, संध्याकाळी ७:००

रिंगमध्ये समोरच्याचा डोळा सुजलेला दिसतो हो. सिनेटमध्ये ठराव दिसतो.

पैशाचं राहिलं, ते उरकून टाकतो. २०१३ मध्ये तिथल्या करखात्याने २.२ अब्ज पेसोंच्या थकबाकीपोटी त्याची खाती गोठवली. त्याचं म्हणणं, अमेरिकेत कर भरलाय. २०२२ मध्ये कर न्यायालयाने ती मागणी रद्द केली. २०१५ च्या बॉक्सर मेवेदरविरुद्धच्या लढतीतून त्याला दहा कोटी डॉलरच्या वर मिळाले असं मानतात. त्यातले बरेच त्या पहाटेच्या रांगेत गेले असणार, आणि सारांगानीत गरिबांना बांधून दिलेल्या घरांत. आता ४६ व्या वर्षी पुन्हा रिंगमध्ये का, याचं उत्तर काही जण इथेच शोधतात. मी अंदाज करणार नाही.

निद्रानाश | २१ जुलै, रात्री ९:१०

शिक्षणाचं कुणीच लिहिलं नाही. शाळा सुटलेला माणूस २००७ मध्ये समकक्ष परीक्षा देऊन हायस्कूल पास झाला आणि २०१९ मध्ये सिनेटर असताना राज्यशास्त्राची पदवी घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये ४० व्या वर्षी थर्मनला पहिल्या फेरीत पाडून वेल्टरवेटचा पट्टाही. माझा एम.ए.चा दुसरा पेपर अजून राहिलाय.

सातासमुद्री | २२ जुलै, पहाटे ५:२५

त्या मोटरमनला काल मेसेज केला होता. आता निवृत्त झालाय, जनरल सँटोसला रिक्षासारखी तीनचाकी आहे त्याची. विचारलं, २०२२ मध्ये कुणाला मत दिलंस? परदेशी जहाजांवरच्या फिलिपिनोंना राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येतं, तो तेव्हा सिंगापूरला होता.

म्हणाला, मार्कोसला.

मी म्हटलं, अरे, तुझ्या भावाच्या ऑपरेशनला...? तर म्हणतो, "मॅनीला मत दिलं असतं आणि तो अध्यक्ष झाला असता, तर मनिलाच्या राजवाड्यात गेला असता. मग सकाळी रांग कुठे लावायची?"

आणि रविवारच्या लढतीबद्दल विचारलं तर त्याने आधी हसण्याची चार चित्रं पाठवली. मग लिहिलं, ४६ व्या वर्षी बरोबरी म्हणजे आमच्याकडे जिंकणंच, चौकात डुक्कर भाजलंय, ये.